गुंडी, दावं आणि सायकल : चौथीतल्या एका लेकराची केस

आधीच सांगून टाकते, मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, आणि ही केस मी पहिला दीड महिना चुकीची चालवली, आणि लिहायला बसले ती मुख्यतः त्याच्यासाठीच. लेकराचं नाव लिहीत नाही. आजी त्याला सोन्या म्हणायची, आपणही सोन्याच म्हणू. ओळख पटेल अशा एकदोन बारीकसारीक गोष्टी बदलल्यात, बाकी जसं झालं तसं.

सोन्या ९ वर्षांचा, चौथीत, जिल्हा परिषदेच्या शाळेत. गाव धारूर तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरात, जमीन दोन एकर आणि तीपण मुरमाड, म्हणून आईबाप ऊसतोडीला जातात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते, दिवाळीच्या आगंमागं गाडी येते आणि नवराबायको मिळून एक कोयता धरून पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातात ते कारखान्याचा पट्टा पडला की मार्च-एप्रिलात परत. तेवढे पाच-सहा महिने सोन्या आजीकडं. आजीच्या चार शेळ्या. हे सगळं मी पहिल्या दिवशी फॉर्मवर लिहून घेतलं होतं बरं का, 'शेळ्या ४' असंसुद्धा लिहिलं होतं, पण त्याचा केसशी काही संबंध असेल असं तेव्हा डोक्यातच आलं नाही.

माझं क्लिनिक अंबाजोगाईला, एक खोली आणि पुढं पत्र्याचा व्हरांडा. जुलैत बाप, आजी आणि सोन्या तिघं आले. शाळेत आरोग्य तपासणीला जी टीम येते, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची, त्यातल्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली होती. त्यांना धन्यवाद द्यायला पाहिजेत, कारण शे-दीडशे लेकरं एका दिवसात बघताना 'हे लेकरू सारखं पडतंय आणि पेन्सिल विचित्र धरतंय' हे टिपायला नजर लागते.

बाप म्हणाला, "मॅडम, मास्तर म्हणतेत आळशी हाय. घरी तर बडबड लई करतो, गोष्टी सांगतो, पण वही काढ म्हणलं की पोट दुखतंय." आजी म्हणाली, "बाई, त्याच्या हातात जीवच न्हाई बगा. ताट धरलं की सांडलंच, चालतो बी उंबऱ्याला ठेचकाळतच. काय तरी करंट-बिरंटची मशीन लावा." सोन्या खिडकीतून बाहेर एसटी स्टँडकडं बघत होता.

मशीनचं हे आम्हाला रोजचंच. ऑक्युपेशनल थेरपी म्हणलं की लोकांना एकतर फिजिओ वाटतं नाहीतर नोकरी लावून देणारं ऑफिस. मी नागपूरला शिकले, आणि देशातली पहिली ऑक्युपेशनल थेरपीची शाळा मुंबईत केईएम हॉस्पिटलला कमलाबाई निंबकरांनी १९५० साली सुरू केली, म्हणजे पाऊणशे वर्षं होत आली तरी आमच्या कामाला मराठीत धड नाव नाही. मी बापाला एवढंच सांगितलं की माणसाला दिवसभरात जे जे करावं लागतं, जेवणं, कपडे घालणं, लिहिणं, खेळणं, ते करायला कुठं अडतंय ते बघायचं आणि वाट काढायची. तो "बरं" म्हणाला. पटलं नव्हतं.

आता तपासणी. लेकरू जन्मलं ते आठव्या महिन्यात, उसाच्या फडावर असताना, वजन १८०० ग्रॅम. चालायला लागलं दीड वर्षं उलटून गेल्यावर. बोलणं वेळेवर. फिट कधी नाही. पण नऊ वर्षांचा मुलगा सारखा पडतो म्हणलं की आधी धडकी भरते ती वेगळ्याच गोष्टीची, स्नायूंच्या ड्युशेन आजाराची. म्हणून पहिल्यांदा त्याला मांडी घालून खाली बसवलं आणि उठायला लावलं. ड्युशेनमध्ये मूल स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकवत टेकवत, जसं काही स्वतःच्या अंगावर चढतंय असं उठतं, पोटऱ्या जाड दिसतात, आणि मुख्य म्हणजे आधी जे जमत होतं ते हळूहळू जायला लागतं. सोन्या सरळ उठला, वाकडातिकडा पण हात न टेकवता, आणि आजीला खोदून विचारलं तर गेलेलं काही नव्हतं, जे जमत नव्हतं ते आधीपासूनच जमत नव्हतं. दोन्ही बाजू सारख्या, पायात ताठरपणा नाही. तरी बालरोगतज्ज्ञांकडं पाठवलं, रक्ताची सीपीके, म्हणजे स्नायूंची झीज होतेय का ते दाखवणारी तपासणी, आणि डोळे तपासून घेतले. दोन्ही नॉर्मल. हे मी मुद्दाम लांबवून लिहितेय, कारण 'हाताला वळण नाही' म्हणून आलेल्या लेकराला सरळ पेन्सिलची ग्रिप बसवून घरी पाठवणारे बघितलेत.

मग एमएबीसी-२ केली, ही लेकरांच्या हालचाली मोजायची टेस्ट. त्याच्या वयोगटाला खुंट्या भोकात बसवणं, नाडी ओवणं, दोन रेघांच्या मधून पेनाने वाट काढणं, बॉल झेलणं, बीनबॅग चटईवर फेकणं, एका पायावर तोल, रेघेवर टाच-चवडा लावून चालणं, लंगडी असं असतं. एकूण पाचव्या पर्सेंटाइलला. म्हणजे त्याच वयाच्या १०० पैकी साधारण ९५ लेकरं ह्याच्यापेक्षा पुढं. ह्या टेस्टचे आकडे विलायतेतल्या पोरांवरून काढलेत, ते आपल्या डोंगरातल्या पोराला जसेच्या तसे लावू नयेत हे मलाही कळतं, पण लंगडीत दुसऱ्याच उडीला पाय टेकत होता आणि लंगडी तर आपलाच खेळ आहे ना.

डॉक्टरांनी आणि मी बसून निदान लिहिलं डीसीडी, म्हणजे डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर. पूर्वी ह्यालाच डिस्प्रॅक्सिया म्हणायचे, अजूनही म्हणतात, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेच्या व्याख्येत डिस्प्रॅक्सिया हा शब्द आहे, हे शाळेशी बोलताना उपयोगी पडतं. ५ ते ११ वयाच्या १०० लेकरांत पाच-सहा जणांना हे असतं. चाळीसच्या वर्गात दोन. स्नायू ठीक असतात, बुद्धी ठीक असते, पण नवीन हालचाल शिकून ती अंगवळणी पडायला इतरांना दहा वेळा लागत असतील तर ह्यांना शंभर, आणि बाहेरून बघणाऱ्याला ते धांदरटपणा नाहीतर कामचुकारपणा वाटतं. कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या लेकरांत जास्त दिसतं आणि मुलींपेक्षा मुलांत जास्त.

इथपर्यंत सगळं बरोबर. आता माझी चूक.

बापाला पाहिजे होतं अक्षर. मास्तरांना पाहिजे होतं अक्षर. मीपण फाइलवर उद्दिष्ट लिहिलं 'हस्ताक्षर सुधारणे', आणि उलटं गणित मांडलं की अक्षरासाठी बोटं मजबूत पाहिजेत, बोटांसाठी खांदा स्थिर पाहिजे, खांद्यासाठी पोट-पाठ. म्हणून दर मंगळवारी पाऊण तास कणकेचे गोळे मळा, कपड्यांचे चिमटे दोरीला लावा, मणी ओवा, झोक्यावर पालथं झोपून चिंचोके वेचा. सोन्या करायचा. हसायचा नाही, रडायचा नाही, करायचा. सहा मंगळवार. आजी दोन गाड्या बदलून आणायची. महिलांना एसटीला अर्धं तिकीट, लेकराला अर्धं, म्हणून परवडत होतं, पण आजीचा आख्खा दिवस जायचा आणि शेळ्या शेजारणीच्या भरवशावर.

सहा आठवड्यांनी चिमटे भराभर लावायला लागला. मणी पहिल्यापेक्षा निम्म्या वेळात. मी खूश. वही उघडली तर अक्षर होतं तसंच, एक ओळ फळ्यावरून उतरवायला सहा मिनिटं, पेन्सिल इतकी दाबून की मागच्या पानावर ठसे. आणि त्या सहाव्या मंगळवारी पाऊस होता. लेकरू भिजून आलं, आजीने पिशवीतून कोरडा शर्ट काढला, त्याने अंगात घातला आणि मान वर करून, दोन्ही हात बाजूला सोडून उभा राहिला. आजी खाली बसून एकेक गुंडी लावत होती. दोघंही एकमेकांकडं बघत नव्हते, इतकं सवयीचं. हे दृश्य मी आधीपण बघितलेलं असणार, थेरपीसाठी शर्ट काढून बनियनवर बसवायचे मी त्याला, म्हणजे दर वेळी जाताना आजीच लावून देत असणार. माझ्या डोळ्यांसमोर, माझ्याच व्हरांड्यात.

मी विचारलं, "सोन्या, तुला येतात का रे लावायला?"

"न्हाई. म्हणून तर प्रार्थनेला मागं उभा राहतो."

लघवीच्या सुट्टीत गुंडी निघाली की परत लागायची नाही, पँटचा हुक तर नाहीच, आणि वर्गातल्या पोरांनी त्याला एक नाव पाडलं होतं जे मी इथं लिहिणार नाही. हे त्याने सहा आठवड्यांत सांगितलं नव्हतं कारण कुणी विचारलंच नव्हतं.

पुढच्या मंगळवारी एकही खेळणं काढलं नाही. त्याच्या सकाळपासून रात्रीपर्यंतच्या दिवसाची चित्रं काढून नेली, चित्रकला माझी सुमारच आहे, शेळीला बघून तो म्हणाला "ही कुत्री हाय का", आणि तिथं पहिल्यांदा हसला. तीन ढीग करायला लावले, जमतं, जमत नाही, आणि जमत नाही पण मला जमायला पाहिजे. तिसऱ्या ढिगात त्याने तीन चित्रं ठेवली. शर्टच्या गुंड्या. शेळी खुंट्याला बांधणं. सायकल. वहीचं चित्र पहिल्या ढिगातही नव्हतं आणि तिसऱ्यातही, ते त्याने पालथं घालून बाजूला सरकवलं होतं.

आमच्याकडं सीओपीएम नावाचं एक मोजमाप आहे, कॅनडातलं, १९९१ पासून चालत आलेलं, त्यात काम करणाऱ्यानेच स्वतःला १० पैकी मार्क द्यायचे, एकदा 'किती जमतं' ह्याला आणि एकदा 'किती बरं वाटतं' ह्याला. दोन मार्कांचा फरक पडला तर तो खरा फरक धरतात. सोन्याने दिले: गुंड्या जमतं २, बरं वाटतं १. शेळी ३ आणि १. सायकल १ आणि १. शेळीला ३ का, तर "बांधतो की, पण सुटती". एक शेळी सुटून शेजाऱ्याच्या तुरीत घुसली होती आणि आजीला चार शब्द ऐकावे लागले होते, तेव्हापासून आजी दावं त्याच्या हातात देतच नव्हती.

बापाला फोन करून सांगितलं की आता गुंडी, शेळी, सायकल शिकवणार. पलीकडून बराच वेळ काही आवाज नाही. मग, "मॅडम, शेळी बांधायला शिकवायला अंबाजोगाईला आणायचं व्हय लेकरू?" त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

पद्धत घेतली ती सीओ-ओपी, हीपण कॅनडातलीच, हेलन पोलाटाइको आणि अँजेला मँडिच ह्यांनी खास डीसीडीच्या लेकरांसाठी बसवलेली. मूळ कल्पना सोपी आहे. लेकराला चार शब्द शिकवायचे: काय करायचंय, कसं करायचं, करून बघ, जमलं का ते बघ. थेरपिस्टने 'असं धर, असं ओढ' सांगायचं नाही, फक्त प्रश्न विचारायचे म्हणजे कुठं अडतंय ते लेकरू स्वतः शोधतं. बोलायला सोपं, करायला महाकठीण, कारण समोर लेकरू तीन मिनिटं एका गुंडीशी झटतंय आणि आपले हात शिवशिवतात. डीसीडीबद्दलच्या २०१९ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींमध्ये हेच आहे की जे काम शिकायचंय तेच काम घेऊन शिकवा. मी ते वाचलेलं होतं हो. वाचलेलं असणं आणि मंगळवारी सकाळी ते आठवणं ह्यात अंतर असतं.

गुंडीचं आधी सांगते. सोन्या वरून सुरू करायचा, गळ्याजवळच्या गुंडीपासून, कारण आजी तिथून सुरू करायची. मी विचारलं, "तुला ती गुंडी दिसती का?" त्याने हनुवटी छातीला टेकवून बघितलं. दिसत नव्हती. "मग कुठली दिसती?" सगळ्यात खालची. दहाएक सेकंदं गेली आणि स्वतःच म्हणाला, "खालून वर जायचं." झाली पहिली योजना. दुसरी अडचण, गुंडी काजात अर्धी जायची आणि परत यायची, कारण तो ढकलायचा पण पलीकडून पकडायला कुणीच नसायचं. हे कळायला त्याला दोन भेटी लागल्या. आरशात नाही कळलं, मी माझ्या कुर्त्याची गुंडी मुद्दाम त्याच्यासारखी चुकीची लावली आणि "मला का लागंना?" विचारलं तेव्हा कळलं. "तुमचा ह्या हाताचा अंगठा झोपलाय." मग आमचं वाक्यच झालं ते, अंगठा जागा कर. एका हाताने ढकल, दुसऱ्या हाताचा अंगठा काजापाशी जागा.

आणि एक गोष्ट जी ना त्याच्या हातात होती ना माझ्या. शाळेचा शर्ट नवा, वाढत्या अंगाचा म्हणून दोन नंबर मोठा, आणि काजं इतकी कडक की मलाच लावताना जोर लागला. बाजारातल्या शिंप्याकडं आजी घेऊन गेली, त्याने काजं दोन दोरे वाढवून दिली आणि गुंड्या जरा सैल, देठ ठेवून टाकून दिल्या. दहा मिनिटांचं काम. पैसे घेतले नाहीत. आजीने स्वतःचं डोकं लावून आजोबांचा जुना, धुऊन धुऊन मऊ झालेला सदरा काढला आणि रात्री जेवणानंतर सोन्या तो घालून सराव करायला लागला. सकाळी नको, सकाळी शाळेची घाई असते आणि घाईत आजीचे हात पुढं जातातच. ह्याच्यावरून मी आजीला एकदा बोलले होते, "तुम्ही लावून देता म्हणून तो शिकत नाही," त्याचं मला अजून वाईट वाटतं. ती पहाटे पाचला उठून पाणी, शेण, भाकरी, शेळ्या करून लेकराला वेळेत शाळेत पोचवत होती. सराव रात्री हा तोडगा तिचा, माझा नाही.

सप्टेंबरअखेर पाचपैकी चार गुंड्या, गळ्याची सोडून. गळ्याची कशाला पाहिजे, उकडतं.

शेळीचं प्रकरण जास्त मजेदार. क्लिनिकात शेळी नाही, म्हणून टेबलाच्या पायाला दावं बांधून गाठ शिकलो, दोन वेढे आणि त्यांच्या खालून टोक काढून आवळायचं. टेबलाला तीन भेटींत जमलं. घरी जाऊन शेळीला, शून्य. चुलतभावाच्या मोबाइलवरून व्हिडिओ मागवला तेव्हा ट्यूब पेटली. टेबल ओढत नाही, शेळी ओढते. त्याचा एक हात शेळी धरण्यातच अडकलेला आणि गाठीला उरतो एकच. मी फोनवर विचारलं, "दोन्ही हात मोकळे कसे होतील?" त्याने लगेच उत्तर दिलं नाही. दोन दिवसांनी दुसरा व्हिडिओ आला, त्यात त्याने दावं खुंट्याच्या अलीकडं पायाखाली दाबून धरलंय, शेळी ओढतेय, हा मजेत दोन्ही हातांनी वेढे घेतोय. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं आणि मला सुचलं नसतं. गावात सगळे तसंच करत असतील कदाचित, पण इतर पोरांनी ते बघून बघून उचललं आणि ह्याला ते बघून उचलता येत नाही, त्याला ते शोधून काढावं लागतं. डीसीडी म्हणजे काय असं कुणी विचारलं तर मी आजकाल हाच व्हिडिओ आठवते.

सायकल. गावातली पोरं बापाच्या मोठ्या सायकलवर कैची मारत शिकतात, एक पाय दांडीच्या खालून घालून. ह्याच्यासाठी ते म्हणजे तोल, पायडल, हँडल आणि वाकडं अंग सगळं एकदम, जमणंच शक्य नाही. चुलतभावाची लहान सायकल होती. तिचे दोन्ही पायडल काढा, सीट इतकी खाली करा की बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकतील, आणि पायाने ढकलत ढकलत मारुतीच्या पारापासूनच्या उतारावर सोडा, म्हणजे आधी फक्त तोल शिकतो, असं बापाला सांगितलं. संध्याकाळी बापाचा फोन, एक पायडल निघालं, दुसरं हालेना, जोर लावून पाना सटकला आणि हाताचं सालटं गेलं. पंक्चरवाल्याने सांगितलं की डाव्या पायडलचा आटा उलटा असतो, उलटीकडं फिरवा. मला माहीत नव्हतं. आता प्रत्येक आईबापाला सांगते, तुम्हीपण लक्षात ठेवा.

हे सगळं लावून देण्यात बाप पुरा गुंतला, रोज संध्याकाळी पारावर, आणि ऑक्टोबरात सोन्या पाय उचलून दहा-बारा पावलं तरंगत जायला लागला. मग दिवाळी झाली. गाडी आली.

नोव्हेंबरात तीन आठवडे ते आलेच नाहीत. फोन लावला तर आजी म्हणाली, "कशातच ध्यान न्हाई त्याचं, माय गेल्यापासून जेवत बी न्हाई नीट." गुंड्या परत आजी लावायला लागली होती. सायकल पडवीत उभी, पायडल नसलेली. ह्यावर थेरपी नसते. मी सराव थांबवला, आजीला म्हणलं लावून द्या गुंड्या, काही बिघडत नाही. चौथ्या आठवड्यात तो स्वतःच आला, शेळ्या मात्र तो रोज बांधत होता, त्या एका गोष्टीत खंड नव्हता कारण आजीने दावं परत त्याच्या हातात दिलं होतं आणि शेळीला ऊसतोडीचं काही माहीत नसतं. डिसेंबरपासून आई रात्री फडावरून कोपीवर आली की फोन करायची, तेव्हा तो तिला दिवसाचा हिशोब द्यायचा. ते मी सुचवलं नव्हतं.

आता अक्षर, कारण वाचणाऱ्यांतले अर्धे शिक्षक तेच विचारणार. त्यासाठी मी शाळेत गेले. मास्तर वाईट माणूस नव्हता, दोन वर्ग एकटा सांभाळत होता. मी त्यांना म्हणलं, सोन्याला धडा तोंडी विचारून बघा. त्यांनी विचारला, आणि सोन्याने धडा सांगितला, वर धड्यात नसलेला शेवटही जोडला. मास्तर थोडा वेळ माझ्याकडं, थोडा वेळ त्याच्याकडं. मग आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. फळ्यावरून उतरवायचं काम निम्मं, उत्तर तोंडी चालेल. सतरंजीवर मधोमध बसायचा तो भिंतीला टेकून, पुढं लाकडी पाट तिरका ठेवून. आणि शिरोरेघ. तो प्रत्येक अक्षराला वेगळी रेघ मारायचा, काना, मात्रा, रेघ, पुन्हा काना, त्यात शब्द कुठं संपला ते हरवायचं आणि अक्षरं एकमेकांवर चढायची. आता आख्खा शब्द लिहून शेवटी वरून एकच रेघ, म्हणजे रेघ संपली की शब्द संपला, मग बोटभर जागा. पेन्सिलची पकड मी अजिबात बदलली नाही. चार बोटांनी धरतो, धरू दे, नवव्या वर्षी पकड मोडून नवी बसवण्यात लेकराचा जीव जातो आणि हाताला फार काही लागत नाही. अक्षर सुंदर झालं का? नाही. वाचता येतं. ओळीला सहाऐवजी साधारण चार मिनिटं. मास्तरांनी आळशी म्हणणं सोडलं, म्हणजे निदान माझ्यासमोर तरी.

जानेवारीत आजी हुरडा घेऊन आली, फडक्यात बांधलेला. "ह्यानंच चोळलाय," म्हणाली. आगटीतलं गरम कणीस दोन्ही तळहातांत धरून चोळायचं, भूस उडवायचं, हे दोन हातांचं काम, मागच्या वर्षी सगळे दाणे मातीत गेले होते आणि पोरं हसली होती. मी सोन्याला विचारलं, कसं काय जमलं? "आधी बघितलं कुठं अडतंय. लई मोठं कणीस घेत होतो. मोडून निम्मं घेतलं." कणसाबद्दल मी त्याच्याशी एक शब्द बोलले नव्हते. चार शब्दांची ती पद्धत त्याने आपली आपण शेतात नेली होती, आणि दीड महिना जी चिमट्यांवरून वहीवर उतरत नव्हती ती गोष्ट इथं गुंडीवरून कणसावर उतरली होती.

एप्रिलात आईबाप परतले. सगळे मिळून आले, आईला मी पहिल्यांदाच बघितलं. मार्क पुन्हा द्यायला लावले: गुंड्या जमतं ८, बरं वाटतं ९. शेळी ८ आणि १०. सायकल ५ आणि ६, सरळ जातो, पायडल लावलेत, पण वळताना पाय टेकतो आणि ब्रेक आठवत नाही. एमएबीसी-२ परत केली तर पाचव्याची नववी पर्सेंटाइल झाली, म्हणजे टेस्टच्या हिशोबाने लेकरू होतं तिथंच जवळपास आहे. बापाला मी हे स्पष्ट सांगितलं. डीसीडी जात नाही, निम्म्याहून जास्त लेकरांना ते वयात आल्यावरही राहतं, पुढं कंपास, प्रयोगशाळा, मोटारसायकल सगळीकडं नव्याने अडणार आणि प्रत्येक वेळी त्याला इतरांपेक्षा जास्त वेळ लागणार. अजूनही ताटातलं सांडतं. पँटचा हुक जमलाच नाही, शेवटी इलास्टिक लावलं आणि विषय संपवला, सगळंच जिंकायचं नसतं.

चित्रांचे ढीग पुन्हा मांडले. ह्या वेळी त्याने माझ्याकडून कोरा कागद मागून घेतला आणि स्वतः काढलं. एक गोल आणि त्यात एक माणूस. विहीर. उन्हाळ्यात गावातली सगळी पोरं पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकतात, हा काठावर कपडे सांभाळत बसतो.

आजी म्हणाली, "माय गं, न्हाई." आई काहीच बोलली नाही. बापाने कागद हातात घेतला, उलटासुलटा केला आणि म्हणाला, "डबा मी बांधीन पण."

सोन्या म्हणाला, "मी बांधतो दादा. तुम्ही ओढून बगा सुटतो का."